डिमरबाई

बाई कुणाच्याही घरी कामाला गेल्या, की आधी सगळे दिवे बंद करायला सांगायच्या. वेळही त्या मुद्दाम तिन्हीसांजेचीच घ्यायच्या. घरमालक गोंधळायचे. दिव्यांचं काम करायला आलेली बाई दिवे घालवून सोफ्यावर स्वस्थ बसते, म्हणजे काय? बाहेरचा उजेड उतरत जायचा, कोपऱ्यांतला अंधार हळूहळू पुढे यायचा आणि बाई मान न हलवता एकेक भिंत बघत असायच्या. कुणी फार चुळबुळ केली तर म्हणायच्या, "थांबा हो. अंधार कुठून येतो ते कळल्याशिवाय उजेड कुठे ठेवू?"

निवृत्त होईपर्यंत बाई मुलींच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवत होत्या. आडनाव सावंत, गाव मालवणकडचं, राहायला भांडुप. मी मुलुंडला घरांच्या इंटिरियरची कामं करते. एका फ्लॅटमधले कमी-जास्त होणारे दिवे कमी केले की लुकलुकायला लागायचे आणि काही केल्या थांबत नव्हते. माझं वायरिंग करणारी मुलगी बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिने हात टेकले आणि म्हणाली, "ताई, बाईंना बोलवू या." बाई आल्या. कॉटनची साडी, कमरेला खोचलेला पदर, खांद्याला कापडी पिशवी आणि पायांत जाड रबरी तळाचे पुरुषी बूट. मला हसू आवरलं नाही. ते त्यांनी बरोबर टिपलं. "हस हस. साडी हौसेची आहे, बूट करंटसाठी आहेत."

त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि दिव्याखाली धरून भराभरा हलवली. एका पेन्सिलीच्या अनेक पेन्सिली दिसायला लागल्या. "बघ. डोळ्याला कळत नाही, पण दिवा सारखा पेटतोय आणि विझतोय. या घरात कुणाचं डोकं दुखतं का?" घरातल्या सूनबाईंनी चमकून वर पाहिलं. दोष डिमरचा, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा, आणि ड्रायव्हरचा जोडा न जमल्याचा होता. ड्रायव्हर म्हणजे घरातल्या करंटचा चोवीस व्होल्ट करून एलईडीच्या पट्ट्यांना पुरवणारा डबा. बाईंनी तो बदलला. आमच्या सुतारांनी त्या दिवसापासून त्यांचं नाव डिमरबाई ठेवलं. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी रागावल्यासारखं केलं, पण पुढे स्वतःच फोनवर "डिमरबाई बोलतेय" म्हणायला लागल्या.

त्यानंतर माझं एकही घर त्यांच्याशिवाय झालं नाही. आणि भांडणाशिवायही झालं नाही. मला छत सलग, गुळगुळीत हवं असायचं, आणि त्यांना प्रत्येक ड्रायव्हरपाशी हात जाईल अशी झडप. "दिवा मरत नाही गं, ड्रायव्हर मरतो," त्या म्हणायच्या. "आणि तू त्याला जिवंतपणीच पुरून वर रंग मारतेस." चोवीस व्होल्टची तार आणि घरच्या करंटची तार एका पाइपातून न्यायची नाही. लांबच्या पट्टीला बारीक तार वापरली, की पट्टीचं शेपूट मंद पडतं, म्हणून तार जाड घ्यायची. अशा गोष्टींवर त्या तसूभर हटत नसत. मात्र कुठल्या खोलीत किती उजेड हवा, हे त्यांनी कधीच आधी सांगितलं नाही. त्या लोकांना विचारायच्या, "इथे बसून काय करता?"

नाहूरच्या एका टॉवरमध्ये नवराबायकोला सोनाराच्या दुकानासारखा झगझगीत हॉल हवा होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवणं झाल्यावर तुम्ही दोघं कुठे बसता?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको म्हणाली, "आम्ही एकत्र असे बसतच नाही." बाईंनी हॉल त्यांना हवा तसा लखलखीत करून दिला. फक्त खिडकीतल्या बैठकीखाली एक पिवळसर पट्टी बसवली आणि तिचा डिमर तिथेच, बसल्या जागी हाताला येईल असा लावला. दोघांपुरता उजेड. पुढे ती दोघं तिथे बसली का, ते मला माहीत नाही. बाईंनीही कधी चौकशी केली नाही.

बाईंना एक शब्द मुळीच चालत नसे, तो म्हणजे 'आपोआप'. एकदा एका घरात छत बंद केल्यावर अर्ध्या पट्ट्या लागेनात. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, काल चालू होतं, आज आपोआप बंद पडलं." बाई शिडीवरून खाली उतरल्या. "आपोआप काही होत नसतं. फॉल्टला नाव असतं. ते एकदा घ्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं." मग एक सुतार पुढे आला आणि म्हणाला, लाकडी पट्टी ठोकताना माझा स्क्रू तारेत गेला असणार. मला वाटलं, आता याची वाट लागली. बाई म्हणाल्या, "बरं. कुठे ते दाखव." तार बदलून झाली. नंतर त्या सुताराबरोबर चहा पिताना त्या त्याच्या गावच्या आंब्यांबद्दल बोलत होत्या. स्क्रूचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही.

मग एका वर्षी बाईंनी तिन्हीसांजेला येणं बंद केलं. सकाळी येतात, दुपारी येतात, चार वाजले की पिशवी आवरायला लागतात. मी एकदा जरा तक्रारीच्या सुरात विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या घरी ये. सांगून कळायचं नाही."

भांडुपला एका जुन्या सोसायटीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. अण्णा, म्हणजे बाईंचे यजमान, खुर्चीत बसले होते. मला बघून उठले, नमस्कार केला, "या, बसा" म्हणाले. अगदी व्यवस्थित. एका रंगाच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली होती. शेड जुळवण्याचं काम. "खरं तर उजेड मला यांनी शिकवला," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी साडी घेऊन आले. यांनी ती खिडकीशी नेली, मग दिव्याखाली नेली, आणि म्हणाले, तू दोन साड्या आणल्यास." अण्णा हसले. त्यांना आठवत होतं की नुसतेच हसले, ते कळलं नाही.

संध्याकाळ झाली आणि खोलीतलं वारं बदललं. बाईंनी ट्यूब लावली. अण्णा दचकले. खिडकीची काच काळी झाली होती आणि तीत त्यांचंच प्रतिबिंब उभं होतं. "भायर कोण उभो आसा?" ते ओरडले. जन्मभर बाहेर शुद्ध मराठी बोललेला माणूस आता मालवणीत परतला होता. "कोण नाय हो. तुमीच आसात," बाई म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. दारापाशी गेले. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटत होतं, त्यावर पाय ठेवायला तयार नव्हते आणि बाहेर तर जायचं होतं. "माका घराक जावचां आसा." पुन्हा पुन्हा तेच. बाई त्यांचा हात धरून उभ्या होत्या. विसराळूपणाचा हा आजार असा संध्याकाळी जास्त खवळतो, हे मी ऐकलं होतं. बघितलं त्या दिवशी.

त्यांना शांत करून झाल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. "आयुष्यभर लोकांना सांगत आले, बटण दाबलं की उजेड. आणि यांना नेमकं तेच सोसत नाही. दिवस कधी मावळला, ते यांना कळताच कामा नये. असं घर करायचंय. करशील मदत?"

स्वतःच्या घराचं काम करताना बाईंचे गुडघे दुखायचे, तरी शिडीवर त्याच चढायच्या. भिंतीच्या वरच्या कडेने पट्ट्या लावल्या, दिवा कुठेच उघडा दिसणार नाही अशा. उजेड भिंतीवरून उतरून खोलीत यावा, सावली पडू नये. पलंगाखाली, संडासाच्या वाटेवर, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, सगळीकडे मऊ पिवळा उजेड. खिडकीला जाड पडदा. पायपुसणं फेकून दिलं. आणि एक कंट्रोलर असा लावला, की ऊन कलायला लागलं की घरातला उजेड अगदी हळूहळू चढावा. इतका हळू, की बसल्या माणसाला कळू नये.

कंट्रोलर मंदारने घेतला होता. मंदार त्यांचा एकुलता मुलगा, बंगळुरूला नोकरीला. फोनवर म्हणाला, "आई, मला इथून काहीच करता येत नाही. निदान हे तरी करू दे." त्याने पाठवलेला कंट्रोलर मोबाइलवरूनही चालणारा होता. बाईंना ते पसंत नव्हतं. दिव्याचं बटण दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात हवं, असं त्यांचं मत. पण मुलगा मागतोय म्हटल्यावर त्यांनी ते जोडलं. मग रोज संध्याकाळी मंदारचा फोन यायचा. "आई, आता चढायला लागला ना?" "लागला रे." तो तिकडे ऑफिसात बसून मोबाइलवर घरातला उजेड वाढताना बघायचा. तेवढा वेळ तो घरी असायचा.

चमत्कार झाला नाही. अण्णा घरी जायचं म्हणायचेच. पण आता ते खुर्चीत बसून, गावच्या वाटेबद्दल बोलावं तसं म्हणायचे. ओरडणं थांबलं. खिडकीतला माणूस गेला. एका संध्याकाळी त्यांनी बाईंच्या पदराचं टोक हातात धरलं, उजेडाकडे तिरकं केलं आणि म्हणाले, "ह्यो बरो जुळलो." कारखान्यात शेड जमली की ते असंच म्हणायचे, असं बाईंनी मला सांगितलं, आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ते झालं तेव्हा मी तिथे होते. एका कामाचे नकाशे दाखवायला गेले होते. ढगांमुळे बाहेर अंधार लवकर पडला होता आणि घरातला उजेड अजून पुरता चढला नव्हता. मंदारचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि बाईंनी फोन अण्णांकडे फिरवून धरला होता. अण्णा नुकतेच उठून खिडकीकडे चालले होते. पडदा ओढायचा राहिला होता.

"आई, अण्णा दिसतच नाहीत. सगळं काळं दिसतंय," मंदार म्हणाला.

"थोडं थांब. चढतोय अजून."

"थांब, मीच वाढवतो."

बाई "नको" म्हणेपर्यंत घरातली प्रत्येक पट्टी एकदम पूर्ण पेटली. काळ्या काचेत एक माणूस लख्ख उभा राहिला. अण्णांनी दोन्ही हात तोंडावर घेतले, एक पाऊल मागे टाकलं, आणि पडले. फोनमधून मंदार "काय झालं? आई, काय झालं?" असं विचारत होता. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. अण्णा घरी आले ते पलंगावरच. हॉस्पिटलमधून आल्यावर बाईंनी सगळ्यात आधी कंट्रोलर उघडला आणि काहीतरी बदललं. मग रोज संध्याकाळी पुन्हा उजेड चढू लागला. अण्णा छताकडे बघत पडून राहायचे. आता ते घरी जायचं म्हणत नव्हते. पावसाळा संपता संपता, दिवसाउजेडी, बाई त्यांना चमच्याने पेज भरवत असताना ते गेले.

मंदार बायकोमुलीसह आला. दिवस झाले. येणारे सगळे त्याला सांगत होते, वय झालं होतं रे, कधीही पडले असते, तू मनाला लावून घेऊ नकोस. तो मान हलवत होता. तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. बाई ओट्याशी भांडी पुसत होत्या, मी ती मांडणीवर ठेवत होते. मंदार दारात येऊन उभा राहिला.

"आई, मी लाइट वाढवला म्हणूनच अण्णा पडले ना?"

बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, बाई, खोटं बोला. या एका वेळी बोला.

"हो," बाई म्हणाल्या. "तू उजेड एकदम वाढवलास. ते दचकले आणि पडले." मंदारच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. बाई पुढे बोलत राहिल्या. "दोन फॉल्ट होते. एक तुझा, एक माझा. ठरल्या वेळचा उजेड हळू चढेल, ते मी बसवलं होतं. हाताने वाढवला तरी हळूच चढला पाहिजे, ते बसवायचं माझ्याकडून राहिलं. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि राहिलं. तुला अण्णांचं तोंड बघायचं होतं रे. तो काही गुन्हा नव्हे. पण मला विचारलंस, म्हणून सांगितलं."

मंदार आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेला. त्यानंतर त्याचे फोन यायचे ते दोन वाक्यांचे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का.

मी बाईंवर चिडले. त्यांना तोंडावर म्हटलं, "मुलाला तेवढा आधार द्यायचा होता ना बाई. काय गेलं असतं?"

बाईंचा आवाज चढला नाही. "मी नाही म्हटलं असतं, तर त्याने मानलं असतं? तो दर दिवाळीला तेच विचारत राहिला असता, आणि मी दर दिवाळीला तेच खोटं बोलले असते. मी मेल्यावर त्याने कुणाला विचारलं असतं?" मग म्हणाल्या, "रागावलाय. रागावू दे. राग उतरतो. संशय उतरत नाही."

तरी ते महिने त्यांना जड गेले. त्या कामावर यायच्या, पण भांडायच्या नाहीत. एकदा मी सलग छत काढलं तर झडपही मागितली नाही. मीच ती करून घेतली. घरी कंट्रोलर चालूच होता. अण्णा नसलेल्या खोलीत संध्याकाळी उजेड चढत असायचा आणि बाई त्यात बसलेल्या असायच्या.

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं आणि मी मंदारला कळवलं. तो त्याच दिवशी आला. आठवडाभर आईच्या उशाशी बसून होता, पण दोघं बोलत होती ती औषधांबद्दल. बाईंना घरी आणलं त्या दुपारी तो माझ्याबरोबर खाली मेडिकलमध्ये आला. वाटेत सोसायटीच्या पायरीवरच बसला.

"ताई, सगळे म्हणत होते तुझी चूक नाही. जितके जास्त म्हणायचे तितकी मला जास्त खात्री पटायची. झोप उडाली होती. आईने हो म्हटलं, तेव्हा मला तिचा इतका राग आला... पण त्या रात्री मी झोपलो." त्याने डोळे पुसले. "हे तिला कसं सांगू?"

"जा आणि सांग," मी म्हटलं.

तो वर गेला. मी मुद्दाम औषधं घ्यायला वेळ लावला. वर आले तेव्हा मंदारचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि बाई त्याच्या केसांतून हात फिरवत त्याला म्हणत होत्या, "केस किती गेले रे तुझे."

बाई त्याच्याबरोबर बंगळुरूला जायला तयार झाल्या. घर भाड्याने द्यायचं ठरलं. येणाऱ्या कुटुंबात शाळेत जाणारी दोन मुलं होती. अभ्यासाला चांगला पांढरा उजेड हवा, म्हणून बाईंनी सगळ्या पट्ट्या उतरवायचं ठरवलं. मला वाईट वाटलं. "राहू द्या ना बाई, अण्णांची आठवण." त्या म्हणाल्या, "माणूस बदलला की उजेड बदलतो. त्या पोरांनी काय म्हाताऱ्याच्या उजेडात अभ्यास करायचा?"

बंगळुरूला त्या दोन वर्षं राहिल्या. नातीला तार जोडायला शिकवलं, शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे दिवे बंद करून बसल्या, कानडीत भांडायलाही शिकल्या म्हणे. यंदा उन्हाळ्यात त्या गेल्या. मंदारचा फोन आला तेव्हा मी एका अर्धवट बांधलेल्या घरात उभी होते. तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. बाईंची शेवटची भेट आठवली, ती भांडुपच्या घरातली, पट्ट्या उतरवायच्या दिवसाची.

बाईंचा एक नियम होता आणि तो मी त्यांना कधीच मोडताना पाहिला नव्हता. मेन बंद केला असं कुणीही सांगितलं, तरी त्या स्वतः उठून जायच्या, टेस्टर लावून बघायच्या, आणि मगच तारेला हात लावू द्यायच्या. स्वतःच्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या शब्दावरही त्या काम सुरू करत नसत. "तुझ्यावर विश्वास आहे गं, करंटवर नाही," असं म्हणायच्या.

त्या दिवशी शिडीवर मंदार चढणार होता. बाई खालीच स्टुलावर बसल्या होत्या, हातात टेस्टर. मंदार पॅसेजमधून आला आणि म्हणाला, "आई, मेन बंद केलाय."

मी सवयीने बाईंना उठवायला हात पुढे केला. त्या उठल्या नाहीत. मुलाकडे बघत राहिल्या.

"केलास ना?"

"केला, आई."

"मग चढ," बाई म्हणाल्या. टेस्टर त्यांनी पिशवीत टाकला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.